माणसांपेक्षा हात जास्त

रोज सकाळी दात घासून झाले की दयारामकाका फाटकापाशी येत, समोरच्या मैदानापलीकडे पाहत आणि उजवा हात वर करत. कोपर वाकलेलं, तर्जनी आभाळाकडे, आणि बोटानं हवेत एक लहानसं वर्तुळ. मैदानापलीकडच्या दुमजली घराच्या बाल्कनीत बाबाराव उभे असत. ते दोन्ही हात पोटासमोर आणून एकमेकांत गुंफत. मग दोघं आपापल्या चहाकडे वळत.

पहिल्या खुणेचा अर्थ, वर उचल. दुसरीचा, सगळं जिथल्या तिथे थांबलंय. लहानपणी मला वाटायचं की काका बाबारावांना झोपेतून उचलतात आणि बाबाराव कळवतात की रात्रीतून काही हललेलं नाही. ते फारसं चुकीचं नव्हतं.

रिसालीत, हिंदी मुलखातल्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, काकांचं आणि आमचं अशी दोन घरं शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. काका त्या कारखान्याच्या मिलमध्ये खलाशी होते. प्लांटमधला खलाशी म्हणजे जड माल साखळदंडात अडकवून क्रेनच्या हवाली करणारा माणूस. क्रेनची केबिन वर छताजवळ, तिथे बाबाराव. खाली जमिनीवर काका. नोकरीची सगळी वर्षं दोघं एकाच शिफ्टमध्ये होते आणि कामाच्या वेळी कधीही एकमेकांजवळ नव्हते. मिलच्या आवाजात तोंड उघडण्यात अर्थ नसे. काका हातांनी बोलत आणि बाबाराव लोखंड हलवून उत्तर देत.

"भंडाऱ्याहून आलो तवा मले धड हिंदी भी येत नव्हती," काका सांगत. "बाजूले तेलुगू मानूस, पल्याड मल्याळी, त्याच्या पल्याड सरदार. पन हात सगळ्याइचे सारखेच चालत."

त्यांच्या मिलमध्ये एक रीत होती. कोणाच्या डोक्यावर माल झुलताना दिसला की पाहणाऱ्यानं पंजा उघडा ठेवून हात उंच करायचा आणि बाजूला झाडायचा. म्हणजे, वर बघ, सरक. आणि ही खूण ज्याला ज्याला दिसेल त्यानंही आपला एक हात वर करायचा आणि तो माणूस सरकेपर्यंत खाली घ्यायचा नाही. म्हणजे, पाहिलं. हात वर न करणारा माणूस न पाहणारा, आणि न पाहणाऱ्याबरोबर कोणी काम करत नसे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ही रीत त्या लोकांच्या खांद्यांत शिल्लक होती. रस्त्यावर एखादा ट्रक मागे येताना दिसला की पानठेल्यापाशी उभ्या असलेल्या चार म्हाताऱ्यांचे हात आपोआप वर जात.

वयानं आणि आवाजानं काकांचे कान जवळजवळ गेले होते. मशीन आणली होती, पण ती सुपारीच्या डब्यात पडून असे. "तिच्यात सगळे एकदमच बोलते," ते म्हणत. डाव्या कानाशी जोरात बोललं तर थोडं पोहोचे. ताराकाकू जेवण, औषध आणि पाहुणे एवढंच ओरडून सांगत. हातांनी का नाही बोलत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घरात का मी क्रेन चालवू?"

त्यामुळे काकांचं खरं बोलणं होतं ते मैदानापलीकडे. संध्याकाळी प्लांटच्या बाजूचं आभाळ तांबूस होई आणि त्या उजेडात दोघांचे हात चालू होत. मिलच्या खुणा पुरत नव्हत्या म्हणून त्यांनी नव्या काढल्या होत्या. गुडघ्याची, वांग्याची, जावयाची, स्वप्नात कोण आलं त्याची. मी गच्चीवर पुस्तक घेऊन बसलेली असे. अक्षरं दिसेनाशी झाली तरी त्यांचे हात दिसत राहत, आणि मग हातही नाही, नुसतं हलणं.

पुस्तकं तेव्हा अमेरिकेची होती. तिथल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांवर मी प्रबंध लिहीत होते. देश नुकताच स्वतंत्र झालेला आणि लोकांच्या मनात एक भीती बसलेली, की कुठलीतरी गुप्त मंडळी आपलं राज्य आतून चालवते आहे. दुपारी भिंतीवर कोपर टेकून मी ते काकांना सांगे. डाव्या कानात सांगायचं म्हणजे अर्ध्या गल्लीला सांगण्यासारखंच.

"जर्मनीत एक गुप्त मंडळी होती, काकाजी. तिथल्या राजानं ती बंद केली. तरी सतराशे अठ्ठ्याण्णवमध्ये बोस्टनच्या एका चर्चमध्ये पाद्री सांगतो की ती समुद्र ओलांडून इकडे आली आहे."

"आली होती का?"

"कोणाला सापडली नाही."

"मंग भेव कायचं?"

"सापडत नाही याचंच."

काकांनी सुपारी कातरता कातरता विचार केला. "नवं घर होतं न त्याइचं," ते म्हणाले. "नव्या घरात लाकूड बसत असते. कुठंबी करकर वाजते. मानसाले वाटते, कोनी चालून राहिलं."

ते वाक्य मी प्रबंधात घालू शकले नाही.

त्यांना सगळ्यात आवडली ती गवंड्याची गोष्ट. अठराशे सव्वीसमध्ये न्यूयॉर्क राज्यात गवंडीकाम करणाऱ्या एका माणसानं जाहीर केलं की तो फ्रीमेसन नावाच्या संघटनेची गुपितं छापणार. एका संध्याकाळी त्याला बंद गाडीत घालून नेलं आणि तो पुन्हा दिसला नाही. खटले चालले, पण शिक्षा अगदीच किरकोळ झाल्या, कारण तपास करणाऱ्यांत आणि पंचांत त्याच संघटनेचे लोक आहेत असं बोललं जाई. मग लोकांनी तिच्या विरोधात एक राजकीय पक्षच काढला. निवडणुका लढवल्या, थोड्या जिंकल्यासुद्धा.

"सापडला का मंग तो गवंडी?"

"नाही."

"ते लोक वळखत कसे एकमेकाले?"

"हाताच्या खुणा होत्या त्यांच्या."

काकांनी सुपारी खाली ठेवली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "आमच्या मिलमंदी गुपिताची खूणच नव्हती," ते म्हणाले. "जे होतं ते समद्याइले दिसे."

त्यानंतर काही दिवसांनी मराठी मंडळाची वार्षिक सभा झाली. बेबीताई बरीच वर्षं अध्यक्ष होत्या. या वेळी त्यांच्यासमोर सुशीलभाऊ उभे होते. अकाउंट्समध्ये क्लार्क, शिस्तीचा माणूस, अमरावतीकडचा. आपली पोरं घराबाहेर मराठी बोलत नाहीत, म्हणून मंडळाच्या भवनात त्यांच्यासाठी वर्ग काढायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना करायची होती. त्यासाठी ते घरोघर, पार बोरसीपर्यंत फिरले होते. आम्हा सगळ्यांना वाटलं होतं की तेच निवडून येणार.

मतदान हात वर करून. जुने मिलवाले नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीला टेकून बसले होते, काका त्यांच्याजवळ, दाराशी. बाबारावांना गुडघ्यांमुळे खुर्ची लागे, ती सभागृहाच्या मधोमध ठेवलेली. आधी सुशीलभाऊंसाठी हात वर झाले, मोजले गेले. मग बेबीताईंसाठी. तेव्हा काकांचा हात वर गेलेला मी पाहिला. मला वाटलं, मत देतायत. भिंतीजवळचेही बरेच हात वर गेले. बाबारावांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली. मोजणी संपली आणि बेबीताई थोडक्यात जिंकल्या.

सुशीलभाऊंनी त्याच संध्याकाळी हिशोब केला. हिशोब हे त्यांचं कामच. दोन्ही बाजूंचे हात मिळवले तर ते हॉलमधल्या माणसांपेक्षा जास्त भरत होते. कोणीतरी मोबाइलवर सभा टिपली होती, ती त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली. दाराजवळून एक हात वर जातो, हवेत झाडला जातो, आणि लगेच भिंतीजवळचे हात उठतात. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी तो तुकडा टाकला आणि खाली एकच ओळ लिहिली. मंडळात एक आतलं मंडळ आहे.

त्यानंतर सगळ्या गोष्टींना कारण सापडू लागलं. गणपतीचा मांडववाला का बदलला, भवनाची किल्ली दोनदा कशी हरवली, कोजागिरीचं दूध कमी का पडलं. इतकी वर्षं हे नुसतं घडत होतं. आता ते कोणीतरी करत होतं. मैदानापलीकडे संध्याकाळी हात चालतात हे तर सगळ्यांनीच पाहिलेलं.

भाजीच्या गाड्यावर मंडळातली तुळसाबाई म्हणाली, "आतलं मंडळ असतं न बाप्पा, तर आधी कोजागिरीचं दूध पुरलं असतं. ह्या म्हाताऱ्याइले आपला चश्मा सापडत नाही, अन हे राज्य चालवते."

लोक हसले. पण काका जवळून जाऊ लागले की आवाज खाली येत. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासमोर लोक कुजबुजत होते.

बाबारावांच्या सुनेनं, समृद्धीनं, त्यांना समजावलं. ती काही वाईट नव्हती, तिलाच चारचौघांत विचारत असत. "बाबा, लोग देख रहे हैं. थोडे दिवस हात खाली ठेवा न." बाबाराव सरळ माणूस. ज्या हातांवर कधी कोणी बोट ठेवलं नाही त्यांच्यावर आता संशय आला, हे त्यांना सोसलं नाही. बाल्कनीचं दार बंद झालं. तिथे दोरीवर एक टॉवेल वाळत असे.

काका रोज सकाळी टॉवेलकडे पाहून हात वर करत. बोट वर्तुळ काढी. थोडा वेळ थांबत, मग आत येत. चहा गार झालेला असे. संध्याकाळी ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसत आणि हात मांडीवर ठेवत. कधीकधी मांडीवरच बोटं थोडी हलत, झोपेत ओठ हलावेत तशी. ताराकाकू मला म्हणाल्या, "जेवण सांगते, औषध सांगते. त्याच्यावर माणूस किती जगंन?"

मग नोटीस आली. विशेष सभा. प्रत्येक सभासदानं स्टेजवर येऊन शपथ घ्यायची, की मी कुठल्याही आतल्या गटात नाही. मी ती वाचली आणि मला माझी पुस्तकं आठवली. तिथेही त्या वर्षांत माणसं वर्तमानपत्रांतून जाहीर करत, की माझा त्या संघटनेशी आता संबंध नाही. मी काकांच्या कानात सगळं सांगितलं.

"घेतो न शपथ," काका म्हणाले. "हात वर करून घ्या लागते का?"

"हो."

"मंग झालं."

आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो. मग त्यांनी विचारलं, "तो व्हिडिओ तुह्यापाशी आहे का? बाबाराव दिसते का त्याच्यात?"

दिसत होते. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. ते बाबारावांकडेच पाहत होते, पाठमोरा सदरा, टक्कल, खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात. संपलं की पुन्हा लावायला सांगत. एकदा मात्र त्यांनी बोट स्क्रीनवर ठेवलं, भिंतीजवळच्या रांगेवर, आणि चित्र थांबलं.

"गुंजन," ते म्हणाले, "हे मत नाही होय."

मी स्क्रीनवर वाकले.

"बाबारावच्या डोक्यावरचा पंखा हलून राहिला होता. दांडीपासून. मी म्हटलं, सरक. अन हे..." त्यांनी एकेका वर गेलेल्या हातावर बोट टेकवलं. "हे 'पाहिलं' होय. यातल्या अर्ध्याइले आइकूच येत नाही. बेबीताईचं नाव पुकारलं का सुशीलचं, त्याइले काय मालूम? मी हात केला, त्याइनं हात केला."

भिंतीवर दुपारचं ऊन होतं. ताराकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काकाजी," मी कानाशी वाकून म्हटलं, "हे सांगितलं तर सुशीलभाऊंचंच खरं होईल. लोक म्हणतील, बघा, खूण होतीच. मग बाबारावांचं दार कायमचं बंद होईल."

"खूण होतीच न."

"पण..."

"तो खोटं नाही बोलून राहिला," काका म्हणाले. "त्याले फक्त पंखा नाही दिसला."

विशेष सभेला भवन भरलं होतं. बाबारावांना समृद्धीनं भिंतीच्या कडेला बसवलं होतं, ते जमिनीकडे पाहत होते. काकांचं नाव आलं तेव्हा ते स्टेजवर गेले आणि माइक बाजूला केला. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, "शपथ मागून घेतो. आधी एक दाखवतो."

आणि त्यांनी पंजा उघडून हात उंच केला, बाजूला झाडला.

मागच्या भिंतीजवळचे हात वर गेले. सगळे. एक जण अर्धवट पेंगत होता, त्याचाही गेला. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत हात तसेच हवेत होते, आणि भिंतीच्या कडेला खाली मान घालून बसलेल्या बाबारावांनी पाहिलं नव्हतं म्हणून त्यांचा तेवढा नव्हता. मग त्यांनी मान वर केली, काकांकडे पाहिलं, आणि त्यांचाही हात गेला.

मग तुळसाबाईला हसू फुटलं आणि तिच्यामागून बाकीच्यांना. सुशीलभाऊ हसले नाहीत. ते त्या हातांकडे पाहत होते, आणि मला वाटतं, मनात ते वजा करत होते.

"हे मतं नव्हते," काका म्हणाले. "आमची आदत होय. गलती झाली. मतदान पुन्हा घ्या, चिठ्ठ्या टाकून."

सुशीलभाऊ उभे राहिले. "काकाजी, मानलं. पण तुम्ही रोज हातांनी जे बोलता ते आम्हाला कळत नाही. समोर बसून कळू नये असं बोलणं, आम्ही काय समजायचं?"

प्रश्न वाजवी होता, आणि काकांना तो ऐकूच गेला नव्हता. ते ओठांकडे पाहत होते. तेव्हा माझ्या शेजारून ताराकाकू उठल्या. त्यांनी एक हात तोंडाशी नेला, सुशीलभाऊंकडे केला, मग दोन्ही हात मैदानातल्यासारखे चालवले आणि पंजा उलटा केला. तो विचारतो आहे, तुम्ही दोघं काय बोलता. सगळं अगदी नीट, सफाईदार. इतकी वर्षं त्यांनी कळू दिलं नव्हतं. काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग म्हणाले, "वांगे. गुडघे. कोन गेलं, कोनाच्या घरी पोरगी झाली. शिकाचं असंन तर या न माह्या आंगनात. फीस नाही."

चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. सुशीलभाऊ जिंकले. त्यांचा पहिला ठराव होता की भवनात सभा चालू असताना हाताच्या खुणा करायच्या नाहीत. ठरावाच्या बाजूनं काकांनीही हात वर केला. घरी येताना मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. ज्याले समजत नाही त्याच्यासमोर काहून बोलाचं?" स्टेजवरून उतरता उतरता ते आणखी काहीतरी म्हणाले होते, पंखा पाहून घ्या असं, पण लोक चिठ्ठ्या टाकायला उठले होते, खुर्च्या सरकत होत्या.

बाल्कनीचं दार लगेच उघडलं नाही. लाज भीतीपेक्षा सावकाश उतरते. थंडी पडली. मैदानावर सकाळी धुकं साचू लागलं. एक दिवस ते इतकं होतं की पलीकडचं घरच नव्हतं. काका तरी फाटकापाशी आले, हात वर केला, धुक्यात वर्तुळ काढलं. मी भिंतीच्या अलीकडे होते. कोणाला दिसणार, असं म्हणणार होते, पण ते नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. ऊन आलं, धुकं वरून विरत गेलं. आधी छत दिसलं, मग कठडा. दोरीवर टॉवेल नव्हता. बाबाराव उभे होते, दोन्ही हात पोटासमोर गुंफलेले. किती वेळापासून गुंफलेले होते कोण जाणे.

त्या दुपारी मी काकांना अमेरिकेच्या गोष्टीचा शेवट सांगितला. तो पक्ष थोड्याच वर्षांत संपला, त्याचे लोक दुसऱ्या पक्षांत गेले. फ्रीमेसनांच्या बंद पडलेल्या शाखा हळूहळू पुन्हा उघडल्या. लोक भीती विसरून गेले.

"अन गवंडी?"

"नाही सापडला, काकाजी."

"हं," ते म्हणाले. "त्याच्या डोक्यावरचं कोनी नाही पाहिलं मंग."

उन्हाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना खिडकीपाशी झोपवलं, मैदान दिसेल असं. हात उचलवत नसे, तेव्हा ते चादरीवर बोट फिरवत आणि खिडकीत उभ्या राहून ताराकाकू तेच आपल्या हातानं पलीकडे कळवत. पलीकडून आलेलं उत्तर त्या चादरीवर आणून देत. ज्या पहाटे ते गेले, त्या दिवशी बाबाराव सकाळभर हात गुंफून बाल्कनीत उभे होते. समृद्धीनं त्यांना आत बोलावलं नाही.

आदल्या संध्याकाळी सुशीलभाऊ भेटायला आले होते. चिकू घेऊन आले, स्टुलावर बसले, आणि काय बोलावं हे न सुचून डाव्या कानाशी वाकले. भवनात मराठीचा वर्ग सुरू झाला, असं त्यांनी सांगितलं. बरीच पोरं येतात.

काकांनी डोळे उघडले. "कुठं बसते पोट्टे?"

"सभेच्या हॉलमध्ये, काकाजी. मधोमध सतरंजी टाकून."

काकांनी छताकडे पाहिलं.

"तो पंखा कसून घेतला का?" ते म्हणाले.